समुद्राचा जिताडा खान्देशच्या गोड्या पाण्यात जगतो, मग विणत का नाही?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे गेल्या काही वर्षांत शेततळ्यांत मासे सोडण्याची चर्चा वाढली आहे. रोहू, कटला, चिलापी, पंगस ही नावं आता शेतकऱ्यांच्या ओळखीची झाली. त्यांच्या जोडीला आणखी एक नाव कानावर पडू लागलं आहे, ते म्हणजे जिताडा. कोकणातला महागडा मासा, खाडीवर गळ टाकणाऱ्यांचा सर्वांत आवडता मासा, आणि तो म्हणे गोड्या पाण्यातही वाढतो. इथे पहिला गोंधळ होतो. समुद्रातला मासा तापीच्या किंवा विहिरीच्या पाण्यात जगेल कसा? जगत असेल, तर चार मोठे मासे तळ्यात सोडले की पुढच्या वर्षी पिल्लं आपोआप का होत नाहीत? दरवर्षी बियाणं, म्हणजे माशांची लहान पिल्लं, तामिळनाडूहून का आणायचं?

या प्रश्नांची उत्तरं जिताड्याच्या जीवनक्रमात आहेत. तो समजला नाही तर शेततळ्यातला पैसा बुडू शकतो. खाडीत हा मासा कमी का होतो, तेही त्याशिवाय कळत नाही.

## आधी ओळख

जिताड्याचं शास्त्रीय नाव लेट्स कॅल्केरिफर. महाराष्ट्रात जिताडा, गोव्यात चोणक, बंगालमध्ये भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी, हे सगळे एकच. इराणच्या आखातापासून भारत, आग्नेय आशिया ते उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनारी पाण्यात तो सापडतो.

बाजारात ओळखायचा तर डोकं पाहावं. डोळ्यांच्या वर कपाळाला खोलगट उतार असतो, तोंड मोठं असतं आणि वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. शेपटी दुभंगलेली नसते, पंख्यासारखी गोल असते. अंगावर मोठे चंदेरी खवले. रात्री बॅटरीच्या उजेडात डोळे लालसर चमकतात, कारण डोळ्याच्या मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो आणि गढूळ खाडीत अंधारात शिकार करायला तो उपयोगी पडतो. पूर्ण वाढीचा मासा दीड मीटरच्या पुढे जाऊ शकतो. २ मीटर लांबी आणि ६० किलो वजनापर्यंतच्या नोंदी आहेत. आपल्या बाजारात मात्र एक ते पाच किलोचाच जास्त दिसतो.

गळाला लागला की तो पाण्याबाहेर उसळी मारतो, डोकं झटकतो, कांदळवनाच्या मुळांत घुसून दोर तोडतो. त्याला खेळाचा मासा म्हणतात ते यामुळेच.

## खारं आणि गोडं, दोन्ही कसं सोसतं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातले क्षार त्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे समुद्रात मासा आपल्यापेक्षा खारट पाण्यात बुडालेला असतो, आणि मीठ लावलेली कैरी जसं पाणी सोडते तसं त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. हे नुकसान भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो.

नदीत आल्यावर सगळं उलटं होतं. आता बाहेरचं पाणी अळणी आणि अंग खारट, म्हणून पाणी आत शिरत राहतं. तिथे मासा पाणी पिणं जवळपास बंद करतो, भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांतल्या त्याच पेशी पाण्यातले थोडेफार क्षार आत खेचू लागतात.

बहुतेक माशांना यातली एकच रीत येते. रोहूला समुद्रात टाकलं तर तो मरेल आणि पापलेट धरणात टाकलं तर तेही मरेल. जिताड्याला दोन्ही रीती येतात, पण एकीकडून दुसरीकडे जायला वेळ लागतो, कारण कल्ल्यांतल्या पेशींना कामाची दिशा बदलावी लागते. शेततळ्यात सोडलेलं बियाणं पहिल्या दोन दिवसांत मरतं ते पुष्कळदा ही घाई केल्यामुळे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

## जन्म खाडीच्या तोंडाशीच

मोठा जिताडा वर्षातला बराच काळ नदीत किंवा खाडीत कुठेही असला, तरी विणीसाठी तो खाडीच्या तोंडाशी, जिथे पाण्याची खारटपणाची पातळी लिटरला २८ ते ३५ ग्रॅमच्या घरात असते तिथे येतो. आपल्या किनाऱ्यावर हा काळ मुख्यतः पावसाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत असतो. वेळ ठरते चंद्रावर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, संध्याकाळनंतर भरती चढत असताना मादी अंडी सोडते आणि आजूबाजूचे नर त्याच पाण्यात शुक्राणू सोडतात. अंडी पाण्यातच फळतात. एक मादी सगळी गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, एकदम रिकामी करत नाही, लागोपाठ काही रात्री थोडी थोडी अंडी सोडते. मोठ्या मादीची एका हंगामातली अंडी कोटीच्या घरात जाऊ शकतात.

एका अंड्याचा व्यास पाऊण मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. आत तेलाचा एक थेंब असतो. पुरेशा खाऱ्या पाण्यात हे अंडं तरंगतं. २८ अंश तापमानाला ते साधारण सतरा-अठरा तासांत फुटतं आणि दीड मिलिमीटरचं पिल्लू बाहेर येतं.

शेततळ्यात वीण का होत नाही, त्याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. गोड्या पाण्यात हे अंडं तरंगत नाही, तळाशी जातं आणि तिथल्या गाळात कुजतं. शुक्राणूंना हालचाल सुरू करायलाही खारं पाणी लागतं. आणि मुळात गोड्या पाण्यात अडकलेल्या मादीची गाभोळी शेवटच्या टप्प्यापर्यंत पिकतच नाही. खारटपणा, उधाण आणि भरतीचा जोर हे सगळं जुळून आल्याशिवाय तिचं शरीर अंडी सोडायला तयार होत नाही.

## खाजणातले पहिले महिने

भरतीच्या वेळी अंडी सोडण्यामागे कारण आहे. पाण्याचा ओढा आतल्या बाजूला असतो, त्यामुळे अंडी आणि पिल्लं समुद्रात वाहून न जाता खाडीच्या उथळ, गढूळ, कांदळवनांनी भरलेल्या भागात पोहोचतात. पिल्लाजवळची पिवळ्या बलकाची शिदोरी दोन-तीन दिवसांत संपते. त्याच वेळी तोंड उघडतं आणि मिळेल तो सूक्ष्म जीव ते खाऊ लागतं. या दोन दिवसांत अन्न मिळालं नाही तर पिल्लू मरतं. कोट्यवधी अंड्यांतून मोजकेच मासे का उरतात, याचं मोठं कारण हेच.

लहान जिताडा चंदेरी नसतो. अंगावर गडद तपकिरी-काळे ठिपके असतात आणि डोक्यापासून पाठीवर पांढरा पट्टा. सुकलेल्या पानांमध्ये तो दिसतही नाही. पावसाळ्यात उधाणाचं पाणी खाजणांत (भरतीचं पाणी शिरतं अशा खाडीकाठच्या सखल जमिनीत), भातखाचरांत, पाणथळ डबक्यांत शिरतं तेव्हा ही पिल्लंही आत जातात. रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटात लोक ही पिल्लं खाडीतून धरून घराजवळच्या तळ्यांत सोडत आणि वर्ष-दोन वर्षं वाढवत. जिताडापालनाची आपल्याकडची मूळ पद्धत ही.

काही महिन्यांनी, वीतभर होऊन, पिल्लं नदीच्या वरच्या गोड्या पाण्याकडे सरकतात. तिथे अन्न भरपूर आणि मोठे शत्रू कमी. तीन-चार वर्षं तिथे वाढून ती पुन्हा खाली, खाडीच्या तोंडाशी येतात. गोड्या पाण्यात वाढून विणीसाठी समुद्राकडे उतरणाऱ्या अशा माशांना समुद्रगामी म्हणतात.

प्रत्येक जिताडा मात्र नदीत जातोच असं नाही. माशाच्या कानात चुन्याचा एक खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षागणिक वलयं पडतात, आणि त्या त्या काळात मासा ज्या पाण्यात होता त्यातल्या स्ट्रॉन्शियमसारख्या मूलद्रव्यांची नोंद त्या थरांत राहते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे खडे तपासले तेव्हा काही मासे जन्मभर खाऱ्या पाण्यातच राहिलेले आढळले. म्हणजे नदी ही सोय आहे, सक्ती नाही. खारं पाणी मात्र सक्तीचं आहे.

## आधी नर, मग मादी

ऐकणाऱ्याला सर्वांत अविश्वसनीय वाटतो तो भाग हा. जिताडा जन्मतः मादी नसतो. तीन ते पाच वर्षांचा झाला की तो नर म्हणून वयात येतो आणि एक किंवा अधिक हंगाम नर म्हणूनच विणीत भाग घेतो. पुढे साधारण सहा ते आठ वर्षांचा आणि ८५ ते १०० सेंटीमीटरच्या आसपास झाला की विणीचा हंगाम आटोपल्यावर त्याच्या शरीरातली नराची ग्रंथी विरून तिथे अंडाशय तयार होतं. त्यापुढे तो आयुष्यभर मादी. उलटा बदल होत नाही.

याला अपवाद आहेत. आशियात काही ठिकाणी नर न होता थेट मादी झालेले मासे आढळले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या कार्पेंटारिया आखाताच्या एका भागातले मासे फार लहान वयात नर होतात आणि चार-पाच वर्षांतच मादी. संवर्धनातही ही वयं खाली येतात. पण नियम तोच, लहान तो नर आणि मोठी ती मादी. शेततळ्याच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हेच, तिथल्या लहान वयाच्या माशांत मादी बहुधा नसतेच.

यामागचा हिशेब सरळ आहे. शुक्राणू तयार करायला मोठं शरीर लागत नाही, दोन-तीन किलोचा नर पुरतो. अंडी मात्र शरीराच्या आकारावर अवलंबून. वीस किलोची मादी चार किलोच्या मादीपेक्षा कितीतरी पट अंडी देते. म्हणून मासा लहानपणी नर आणि मोठेपणी मादी राहिला तर एकाच आयुष्यात दोन्हींचा पुरेपूर फायदा मिळतो.

माणसाच्या सवयी या हिशेबाच्या आड येतात. मासेमारीत मोठा मासा आधी काढला जातो, त्याला भावही चांगला आणि फोटोही त्याचाच. जिताड्याच्या बाबतीत मोठे काढले म्हणजे जवळजवळ सगळ्या माद्याच काढल्या. खाडीत मासे दिसत राहतात, पण ते नर असतात. बाहेरून काही बिघडलेलं दिसत नाही आणि पिल्लं मात्र कमी होत जातात. हे टाळायला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात किमान मापाबरोबर कमाल मापही ठरवलेलं आहे. ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान मासा पाण्यात सोडायचा, कारण तो अजून एकदाही विणीत उतरलेला नसतो. आणि १२० सेंटीमीटरपेक्षा मोठाही सोडायचा, कारण ती गाभोळीवाली मादी असते. आपल्याकडे मोठ्या माशाला सोडायची कल्पना लोकांच्या गळी उतरत नाही, पण या माशासाठी कमाल माप किमान मापाइतकंच मोलाचं आहे, असं ठाम मत इथे नोंदवायला हरकत नाही.

## हजिऱ्याहून प्रकाशापर्यंत

आता आपल्या नदीकडे येऊ. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतजवळ डुमस-हजिऱ्याच्या बाजूला खंभातच्या आखाताकडे समुद्राला मिळते. रावेर, भुसावळ, शिरपूर, सारंगखेडा, प्रकाशा ही आपली गावं याच पाण्यावर. कागदावर पाहिलं तर हजिऱ्याच्या खाडीत जन्मलेला जिताडा वाढीसाठी तापीने वर चढू शकायला हवा.

प्रत्यक्षात त्याला पहिला अडथळा सुरत शहरातच लागतो. १९९५ च्या सुमारास बांधलेल्या सिंगणपोरच्या बंधाऱ्याने भरतीचं खारं पाणी वर जाणं अडवलं. शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून ते गरजेचंच होतं. त्याच्या वर काकरापारचा बंधारा, १९५० च्या दशकातला. त्याच्याही वर १९७२ साली पूर्ण झालेलं उकाई धरण, उंची सुमारे ८० मीटर. उकाईचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या बाजूपर्यंत येतो. त्यापुढे आपल्या हद्दीत प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे हे बॅरेज आणि मग हतनूर. जिताडा ताकदवान असला तरी पाण्याच्या धबधब्यावरून उड्या मारत चढणारा मासा नाही, त्याला मीटर-दीड मीटरचा बंधाराही अडवतो. नर्मदेवर सरदार सरोवर आहे, तिथेही हीच गोष्ट.

म्हणून आज खान्देशात जिवंत जिताडा दिसला तर तो नदीने चढून आलेला नाही. कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेला आहे.

## पिशवीतलं बियाणं येतं कुठून?

जिताड्याचं कृत्रिम प्रजनन थायलंडने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला साधलं. भारतात चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये ते यशस्वी केलं. आज देशातलं बरंचसं बियाणं पूर्व किनाऱ्यावरच्या, मुख्यतः तामिळनाडूतल्या उबवणी केंद्रांतून येतं.

तिथे मोठे नर-माद्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत ठेवतात, समुद्राचं स्वच्छ पाणी सतत फिरवतात, पिकलेल्या माद्यांना गाभोळी सुटण्यासाठी संप्रेरकाचं इंजेक्शन देतात. तिसऱ्या दिवसापासून पिल्लांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, आठ-दहा दिवसांनी आर्टेमिया नावाचे कोलंबीसारखे बारीक जीव, आणि महिन्याच्या आसपास हळूहळू बारीक गोळीखाद्य. या सगळ्याला समुद्राचं पाणी लागतं, म्हणून उबवणी केंद्र जळगावात उभं राहत नाही.

## शेततळ्यात सोडायचं असेल तर

खान्देशात सर्वांत मोठी अडचण पाण्याच्या चवीची नाही, थंडीची आहे. जिताड्याला २६ ते ३२ अंश पाणी मानवतं. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की तो खाणं जवळपास सोडतो, आणि १५ अंशांच्या खाली काही दिवस राहिलं तर मरू लागतो. धुळे-जळगावात डिसेंबर-जानेवारीत हवेचं तापमान १० अंशांच्या खाली उतरतं. उथळ तळं त्यामागोमाग गार होतं. म्हणून तळ्यात किमान अडीच मीटर पाणी थंडीभर टिकायला हवं. भूगर्भातलं पाणी हिवाळ्यातही कोमट असतं, त्यामुळे पहाटे बोअरचं पाणी सोडणं हा चांगला उपाय आहे. मात्र त्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. नळी थेट बुडवू नये, उंचावरून दगडांवर किंवा पत्र्यावर आपटत सोडावी. थंडीत जाळं टाकून मासे हाताळणं पूर्ण बंद.

यावरून हंगाम ठरतो. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये दहा सेंटीमीटरची बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्लं, सोडावी आणि नोव्हेंबरपर्यंत विक्री संपवावी. पण उन्हाळ्यात शेततळ्याचं पाणी केळीला, फळबागेला लागतं आणि मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात ते दिवसाला नऊ हजार लिटर होतं. ज्याच्याकडे मे महिन्यात तळं भरलेलं ठेवण्याइतकं पाणी नाही, त्याने जिताड्याच्या वाटेला जाऊ नये. जुलैत बियाणं सोडून थंडी काढायची हा दुसरा पर्याय आहे, पण त्यात मासा ऐन वाढीच्या काळात थबकतो.

बियाणं मागवताना उबवणी केंद्राला दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, पिल्लं गोळीखाद्याला लागली आहेत का? जिवंत खाद्याची सवय असलेलं पिल्लू गोळीकडे पाहतही नाही. दुसरी, ती किती खारट पाण्यात आहेत? ती ३० ग्रॅमच्या पाण्यातून आली असतील तर थेट तळ्यात सोडू नयेत. घरी टाकीत समुद्राच्या पाण्यासारखं क्षारमिश्रण घालून (नुसतं खायचं मीठ नको) त्याच खारटपणाचं पाणी करावं आणि दर बारा तासांनी गोडं पाणी मिसळत पाच-पाच ग्रॅमने उतरवावं. म्हणजे तीन दिवसांत ती गोड्या पाण्यावर येतात. बरीच केंद्रं पैसे घेऊन हे काम करून देतात, तेच सोयीचं. पोहोचल्यावर पिशवी न उघडता अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यावं.

दुसरा मोठा तोटा एकमेकांना खाण्याने होतो. जिताडा आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठा भाऊबंदही गिळतो. एक-दोन पिल्लं पटकन वाढली की ती बाकीच्यांवर जगतात, आणि महिन्यानंतर मोजलं तर हजारांतली दोनशे उरलेली असतात. म्हणून अडीच सेंटीमीटरचं बियाणं थेट तळ्यात न सोडता तळ्यातच बांधलेल्या हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवावं आणि दहा सेंटीमीटरचं होईपर्यंत दर पाच-सात दिवसांनी मापानुसार वेगळं करावं. त्यासाठी वेगवेगळ्या आकाराच्या भोकांचे डबे वापरतात. लहान निसटून खाली जातात, मोठे वर राहतात. हाताळणी ओल्या हातांनी, सकाळी लवकर आणि उपाशीपोटी. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यातच सगळं यश आहे. ज्याला ते जमणार नाही त्याने जास्त पैसे देऊन दहा सेंटीमीटरची बोटुकलीच घ्यावी.

खाद्यात ४० ते ४५ टक्के प्रथिनं हवीत, रोहूचा पेंड-कोंडा इथे चालत नाही. गोळी तरंगणारी किंवा सावकाश बुडणारी घ्यावी, कारण जिताडा हलतं अन्न धरतो, तळाशी पडलेलं उचलत नाही. ते तिथेच सडतं आणि पाणी बिघडवतं.

३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात उतारामुळे दोन हजार घनमीटरच्या आसपास पाणी मावतं. नवशिक्याने तिथे पाचशे बोटुकल्यांच्या वर जाऊ नये. त्यातली चारशे जगली आणि एक-एक किलोची झाली तर चारशे किलो मासा. किलोमागे पावणेदोन किलो खाद्य धरलं तर सातशे किलो खाद्य लागेल. एवढी प्रथिनं पोटात घेणारा मासा पाणीही तितकंच घाण करतो, आणि प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात ती घाण जिरवायला माती नसते. दर आठवड्याला तळाचं थोडं पाणी पिकाला देऊन नवं भरावं, ते पिकाला खतासारखं लागू पडतं. प्राणवायू सर्वांत कमी पहाटे असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले तर पाण्यात हवा मिसळणारा पंखा लगेच चालू व्हायला हवा. वीज पहाटेच जाते, तेव्हा जनित्राची सोय आधी करावी. वरून जाळी बांधली नाही तर लहान बोटुकल्या पाणकावळे संपवतात.

## "आमच्या विहिरीचं पाणी खारट आहे, मग तिथे वीण होईल का?"

तापी-पूर्णेच्या खोऱ्यात, विशेषतः बुलढाणा-अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यात, असं पाणी आहे. पण पिकाला न चालणारं पाणी म्हणजे लिटरला दोन-पाच ग्रॅम क्षार. समुद्राचं ३५. शिवाय जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं, त्यात बहुधा पोटॅशियम फार कमी पडतं आणि ते कमी असलं तर जिताडा अशक्त होतो, मरतोही. असं पाणी वापरायचं असेल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. वाढीला ते कदाचित चालेल, विणीला नाही.

## "इंजेक्शन दिलेला मासा खायचा का?"

इंजेक्शन मिळतं ते उबवणी केंद्रातल्या मादीला, गाभोळी सुटण्यापुरतं. तुमच्या ताटातला मासा तिच्या अंड्यातून जन्मलेला असतो, त्याला संप्रेरक दिलेलं नसतं. नराची मादी होणं हेही औषधाने होत नाही, वयाने होतं. लोकांची गल्लत चिलापीशी होते. चिलापीच्या पिल्लांना सगळे नर व्हावेत म्हणून काही ठिकाणी संप्रेरक मिसळलेलं खाद्य देतात.

## "मग तापीत, गिरणेत सोडून दिला तर?"

वाढेल आणि आपल्या नदीतले लहान मासे खाईल. पिल्लं होणार नाहीत. क्वीन्सलँडमध्ये टिनारू धरणात १९८० च्या दशकापासून उबवणी केंद्रातलं बियाणं सोडतात. तिथले जिताडे प्रचंड होतात, गळवाले लांबून येतात, पण एकही पिल्लू तिथे जन्मत नाही. दरवेळी नवं बियाणं सोडावं लागतं. त्याच राज्यातल्या अवूंगा धरणावरून २०१०-११ च्या पुरात हजारो मोठे जिताडे सांडव्यावरून खाली गेले आणि समुद्राच्या बाजूला पोहोचले. त्यांच्यासाठी अडथळा फक्त भिंतीचा होता.

आपल्या धरणांत तो सोडायचा की नाही, हे मत्स्यव्यवसाय विभागाने ठरवायचं. परस्पर सोडू नये. मरळ, शिंगाळा, वाम यांच्या पिल्लांवर तो तुटून पडेल आणि त्यांच्यावर पोट असलेल्या भोई बांधवांच्या जाळ्यात त्याची भरपाई येणार नाही.

## "तळ्यातल्या जिताड्याला चिखलाचा वास येतो म्हणतात"

येऊ शकतो. पाण्यातल्या काही शेवाळांमुळे आणि जिवाणूंमुळे जिओस्मिन नावाचं रसायन तयार होतं, ओल्या मातीचा वास त्याचाच. ते माशाच्या चरबीत साठतं. विक्रीआधी मासा स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या टाकीत चार-पाच दिवस उपाशी ठेवला की वास बराच जातो.

## खाडीवर गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी

नवापूरहून सुरतची खाडी लांब नाही, आणि सुट्टीत पालघर-डहाणूकडे गळ घेऊन जाणारेही बरेच आहेत. मोठा जिताडा कांदळवनाच्या कडेला, ओढा खाडीला मिळतो त्या कोपऱ्यात, ओहोटी लागल्यावर दबा धरतो, कारण खाजणातून उतरणाऱ्या पाण्याबरोबर बोई आणि कोलंबी बाहेर येतात. पावसाळ्याच्या तोंडावर खाडीच्या मुखाशी लागलेला मीटरभराचा मासा बहुधा गाभोळीवाली मादी असते. तो सोडायचा असेल तर काटेरी टोक चपटं केलेला गळ वापरावा. हात ओले करावेत, मासा जबड्याला धरून उभा लटकवू नये, त्याने मोठ्या माशाच्या मणक्याला आणि जबड्याला इजा होते. एक हात पोटाखाली देऊन आडवा धरावा, फोटो काढायचा तर काही सेकंदांत, आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत पाण्यात धरून ठेवावा. खायलाच हवा असेल तर दोन-तीन किलोचा घ्यावा. तो नर असतो, आणि चवीलाही मोठ्यापेक्षा सरस.